सतरावा क्यू

मला दोन्ही भाषा येत नाहीत.
इंग्रजी दुकानांच्या पाट्यांपुरती, स्पॅनिश तेवढीही नाही.
म्हणून हेमांगीबाईंनी माझ्यासाठी कागद करून दिला
ठाशीव, गाळलेल्या देवनागरीत:
'कोरासोन' ऐकलं की डावा अंबर वाढवा.
'नोचे' ऐकलं की निळा, सावकाश.
क्यू सतरा, 'एस्पेरार': दहा सेकंदांत अंधार.

तालमीत विचारलं, एस्पेरार म्हणजे काय हो?
वाट पाहणं, म्हणाल्या. आणि आशा धरणं. त्यांच्याकडे एकच शब्द.
आणि इंग्रजीत?
तिथे दोन आहेत. दस्तूरसाहेबांना दर वेळी एक निवडावा लागतो,
आणि दर वेळी ते चुकीचा निवडतात.
फिरोज दस्तूर मागे बशीत चहा ओतत होते.
त्यांनी ऐकलं नाही.
किंवा ऐकलं.

नारायण पेठेतला हॉल. खुर्च्या एकशेवीस, माणसं त्रेचाळीस,
त्यातली अकरा बाईंच्या क्लासची,
एक जण नदीपात्रात लावलेल्या गाडीच्या काळजीत.
शेजारच्या कार्यालयात लग्न,
त्यामुळे प्रत्येक विरहाच्या मागे बँड.

आधी त्या म्हणायच्या, मग ते.
शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी कुणासाठी झुरलेलं,
एकदा तिकडून, एकदा इकडून.
त्यांचं ऐकताना वाटे, रिकामी तांब्याची कळशी
कुणी दगडी पायऱ्यांवरून उतरवतंय, ठणठणत;
मग साहेबांचा आवाज,
तीच कळशी, आता भरून, वर.

मग नाटकातला प्रवेश.
भिंत म्हणून एक स्टूल.
एकसष्ट वर्षांच्या बाई सतरा वर्षांची मुलगी,
चष्म्याची साखळी गळ्यात तशीच.
स्टुलापलीकडे कॅम्पातले निवृत्त बँक मॅनेजर
तलवार नसलेल्या कमरेवर हात ठेवून.

माझं बोट फेडरवर.
आणि बाई थांबल्या.

वही हातात होती. पाहिली असती तर ओळ मिळाली असती.
पाहिली नाही.
बँडसुद्धा नेमका तेव्हा दम खायला थांबला.
पंखा तेवढा आपलं काहीतरी पुटपुटत होता.

साहेबांच्या हातात त्याच ओळीचं इंग्रजी होतं.
ते त्यांनी दिलं नाही.
गेले दोन महिने ज्यांना मॅडम, तुमी, मॅडम, तुमी, असं चाललं होतं,
त्यांना स्टुलावरून वाकून म्हणाले,
"हेमांगी, पाणी पिते काय तू?"

"नको," बाई म्हणाल्या.
"थांब."

तिसऱ्या रांगेतल्या मुलीनं डोळे पुसले.
तिला वाटलं, नाटकातलंच आहे.

'थांब' माझ्या कागदावर नव्हतं.
अर्थ मात्र जवळपास तोच निघत होता,
आणि बोट आपलं आपण खाली निघालेलं.
सव्वीस वर्षं दिवे करतोय मी.
अंधार कधी करायचा ते याला कळतं, असं म्हणतात लोक.
धरलं बोट. केला नाही अंधार.
त्या दोघांवर अंबर तसाच,
स्टुलावर, साखळीवर, साहेबांच्या न पुसलेल्या घामावर.

मग त्या म्हणाल्या, एस्पेरार.
हळू. एखादा पत्ता सांगावा तसा.
दहाऐवजी मी चाळीस सेकंद घेतले.
कुणी विचारलं नाही.

टाळ्या झाल्या. खुर्च्या रचल्या.
"चला मॅडम, रिक्षा बगतो," साहेब म्हणाले,
पुन्हा मॅडम,
पण रिक्षा बघायला दोघं गेले
आणि रिक्षा रिकाम्या जाताना मी पाहिल्या, तीन तरी.

केबल गुंडाळून झाली.
कागद घडी करून खिशात घातला, गरम जेलचे तुकडे होते तिथेच.
निरुपा दिवाळीपासून सांगलीला आहे, आईकडे.
भांडण असं नाही. बोलणं असंही नाही.
स्कूटरवर बसून मोबाइलवर लिहिलं: वाट पाहतोय.
खोडलं.
दुसरा शब्द आठवेना. आमच्याकडे दोन आहेत की एकच,
ते बाईंना विचारायला हवं होतं.
शेवटी लिहिलं,
उद्या साडेसहाची एसटी आहे. येऊ?

दोन निळ्या खुणा आल्या.
मग 'टायपिंग'.
मग ते गेलं.
मग पुन्हा आलं.
मी स्कूटरचा दिवा बंद केला नाही.