डाव्या गालाचं माप

दुकानदार म्हणाला, घ्या हातात, वजन बघा.
घेतली. चार किलोला थोडी कमी.
म्हणजे सागाच्या खिडकीची एक झडप,
किंवा मिथिला, महिन्याची असताना.

नवशिक्यांना हीच देतो, म्हणाला. एअर रायफल,
लायसन नको, ठाण्याच्या खेपा नकोत.
माझ्या लेखी हे मोठंच.
आमच्या वडलांची ठासणीची, रानडुकरांवरची,
दर इलेक्शनला फोंड्याच्या पोलीस स्टेशनात जमा.
परत आणताना ते तिला पंच्यात गुंडाळत,
बसमध्ये खिडकीशी उभी करत
आणि कंडक्टरला विचारत, हिचंही तिकीट का?

आता दुसरं पारडं. घोडा जड.
पावसात फुगलेल्या दाराची कडी जशी,
ओढ ओढ ओढायची, आणि सुटते
तेव्हा आपण तयार नसतो.
प्रत्येक छर्ऱ्याला दांडा मागे खेचायचा,
साठ छर्रे, साठ वेळा.
इनास सर म्हणतात, दंडाला बरं, नेमाला वाईट.
नव्वदीपर्यंत पोचवेल ही,
पुढे तिचं तिनं चालायचं.

किंमत इथे लिहीत नाही.
देवळातलं मखर दुरुस्त केलं त्याचे सगळे पैसे,
वर शैलाची भिशी.
याहून भारी घ्यायची तर
मखर नवं लागेल, आणि देवही श्रीमंत.

पण स्वस्त हत्याराची एक सोय मला ठाऊक आहे.
माझा पहिला रंधा असाच होता.
तीन वर्षं प्रत्येक खाच मी त्याच्या पात्यावर ढकलली.
मग काकांनी आपला दिला, चांगला,
आणि त्या दुपारपासून चूक माझी.
बारा वर्षांच्या पोरीच्या हाती
कधी द्यावी अशी वस्तू
जिला शिवी देता येत नाही?

मिथिला काही बोलत नव्हती.
खांद्याला लावली, गाल टेकवला,
आणि लाकडानं तिला बाजूला सारलं.
गालाचा उंचवटा पलीकडे.
ती डावखुरी.

सवय होते हो, दुकानदार म्हणाला,
जेवायला शिकलीच ना उजव्या हातानं?
शिकली. माझ्या आईनं पळीनं शिकवलं.
मी बाहेर कुणाचं तरी दार तासत होतो.
ऐकू येत होतं.

मी दस्ता उलटा केला, नखानं खरवडला.
बीच. पांढरट, सरळ रेषेचं, बेचव लाकूड.
आणि खाली स्क्रू. दोनच.
दोन स्क्रूंवर धरलेलं सगळं.
माळ्यावर शिवणीची फळी आहे,
नऊ वर्षं सुकलेली, एका देव्हाऱ्यासाठी ठेवलेली.
ज्यानं सांगितला तो कुवेतहून आलाच नाही.
हलकी. पावसात न फुगणारी.
घोड्याचं मला काय कळतं,
फळीचं कळतं.

अजून आहेतच. पाचशे छर्ऱ्यांचा डबा
महिनाभरही पुरत नाही म्हणतात.
रेंज दोन बस पल्याड, शनिवारी शाळा.
शेजारचा आंतोन पहिल्याच संध्याकाळी विचारणार,
माडावरची माकडं हाकलशील का गो?
आणि दोन वर्षांत तिचा हात वाढेल.

वाढू दे. फळी लांब आहे.

बुधवारी येतो, मी म्हटलं.
त्यानं मान हलवली, पेटी मिटली.
बुधवारी येणारे त्यानं खूप पाहिलेत.

परतीच्या बसमध्ये, फोंडा सुटल्यावर,
ती झोपली, डावा गाल माझ्याकडे करून.
कानावरची पेन्सिल काढली.
गालाच्या हाडापासून खांद्याच्या खळीपर्यंत
बोटं धरली, न लावता,
आणि तिकिटामागे लिहिलं:
साडेचार. किंवा पाच.
शिरोड्याचा रस्ता, बस हलत होती.