सतरा नंबर

हुडकेश्वरच्या दोन खोल्यांत एकेचाळीस कुत्री.
मे महिना, कूलर कोरडा,
वास असा की डोळ्यांना आधी कळला.
वैरागडेबाई दारात आडव्या :
"एकालेही उपाशी नाही ठेवलं जी."
खरं होतं. उपाशी त्या होत्या.

आम्ही मोजत गेलो, त्या नावं घेत गेल्या –
शेवंती, हवालदार, धाकटी शेवंती...
मी पिंजऱ्यांवर खडूनं आकडे लिहिले.

सतरा नंबर माझ्याकडे आहे.
एवढा हॉल मोकळा, तरी कोपऱ्यात
वीतभर जागेत झोपतो,
बाकीच्यांना सरकून दिल्यासारखा.
कुठल्याच हाकेला वळत नाही.

काल बाईंना फोन लावून त्याच्या तोंडाशी धरला.
नुसती धाप ऐकून म्हणाल्या,
"हवालदार काय रे? जेवला काय?"

शेपटी फरशीवर एकदाच वाजली.
मग तो फोनच्या मागे जाऊन
बघत राहिला.