घेणाऱ्यास सूचना

शिरोळकर साहेब, पैसे मोजून झाले,
आता जरा ऐका.
चहा गार होईल, होऊ दे.

हँडल मारताना अंगठा
बाकी बोटांच्याच बाजूला ठेवायचा.
विळखा घालायचा नाही.
उलटा फटका बसला तर मनगट जातं.
माझं गेलंय एकदा. ससूनमधल्या डॉक्टरनं
प्लॅस्टर घालता घालता विचारलं, मारामारी?
म्हटलं, नाही हो, ऑस्टिन.

पेट्रोलचा नळ आधी. मग चोक.
स्विच बंद ठेवून चार वेळा नुसतं फिरवा,
झोपलेल्या माणसाला कूस बदलू देतात तसं.
मग स्विच, आणि एकच झटका, खालून वर.
वरून खाली कधीच नाही.
माझा खांदा आता तो एकच झटका देतो,
तोही मनात आलं तर.

क्लच सगळा मिळून अर्धं बोट.
त्या अर्ध्या बोटात मी दोन वर्षं काढली.
ब्रेकचं म्हणाल तर
लक्ष्मी रोडला नेऊ नका, एवढंच सांगतो.

तुम्ही विचारलंत, यात ओरिजिनल किती?
खोटं बोलायचं असतं तर सकाळच्या गिऱ्हाइकालाच दिली असती.
हेडचं गॅस्केट तांबट आळीतलं,
निजामपूरकरांनी बंबाच्या उरलेल्या पत्र्यातून कापलं.
दाराची चौकट सागवानी, भवानी पेठेच्या वखारीतली.
मागचा दिवा जुन्या बाजारात मिळाला, बुधवारी,
सायकलचा असावा.
व्हॉल्व्हचे गाइड मी स्वतः काढले
खडकीच्या फॅक्टरीत, जेवणाच्या सुट्टीत,
सरकारी लेथवर.
पेन्शन चालू झालंय, म्हणून बोलतो.

ओरिजिनल म्हणजे चासीवरचा नंबर
आणि डाव्या मडगार्डचा हा पोचा.
डॉक्टर चिनॉयच्या हातचा.
रात्री घोरपडीला बाळंतपणाला निघाले होते,
गाढव आडवं आलं.
मूल वाचलं, गाढवही वाचलं,
असं त्यांच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरनं मला सांगितलं.
पेंटर म्हणेल, पाच मिनिटांत काढतो.
काढेलही.
तुम्ही काढू देऊ नका.

सत्त्याऐंशी साली घेतली तेव्हा मागच्या सीटवर
कोंबडी अंड्यांवर बसलेली.
अकरा हजार, पतपेढीचं कर्ज,
आणि मी पिल्लं निघेपर्यंत थांबलोय.
हेमलतेनं विचारलं, व्याज काय ती कोंबडी भरणार?
पुढे हुड तिनंच शिवला,
शेजारच्यांच्या मशीनवर, सात सुया मोडून.
आत आहे. बाहेर यायची नाही.
पावती तिनं लिहून ठेवलीय, टेबलावर,
वर पेपरवेट म्हणून जुना स्पार्क प्लग.

मुलीच्या लग्नात फुलं लावणार,
मग बाणेरच्या ऑफिसात काचेआड ठेवणार म्हणालात.
ठेवा. तुमची आहे.
पण पंधरा दिवसांनी एक फेरी मारा,
नाहीतर टायर जमिनीला टेकतात तिथे चपटे होतात
आणि मग आयुष्यभर लंगडतात.
खाली तेलाचा थेंब पडेल. पडू द्या.
ज्या दिवशी पडला नाही त्या दिवशी
तेल संपलंय असं समजा.

एक राहिलंच. चढ.
पहिल्यातही ओढली नाही तर गाडी वळवायची
आणि रिव्हर्स टाकायचा.
सगळा दम तिचा तिथे आहे.
बोपदेव घाट आम्ही असाच चढलो, त्र्याण्णव साली,
पाठमोरे.
शेजारून सासवडची एस्टी गेली,
खिडक्यांतून माणसं ओरडत होती, अहो, तोंड तिकडे!
हेमलता मागे वळून खड्डे सांगत होती,
माझी मान मोडायला आलेली,
आणि पुढच्या काचेत सबंध पुणं,
लहान होत होतं
तरी समोरून हलत नव्हतं.

तेव्हा रिव्हर्स नीट समजून घ्या.
या इकडे. दांड्यावर हात ठेवा.
एवढा जोर नको.
हां.