उरलेलं अर्धं

रबाळ्याच्या कारखान्यात मशीन बसवायला आलेले शू साहेब
वाक्य अर्ध्यावर सोडतात.
मातीचा देव नदी ओलांडायला निघाला, म्हणतात,
आणि पान्यावर फडकं फिरवत बसतात.
तो स्वतःच विरघळणार, तर तारणार कुणाला,
हे ज्याचं त्याने जाणायचं.

पंधरा बादल्या एका विहिरीत, म्हणतात,
आणि छातीवर तळहात ठेवतात.
सात वर, आठ खाली.

मी दुभाषी. अर्ध्या वाक्याचे पैसे मिळत नाहीत,
म्हणून दोन्ही अर्धी सांगते,
आणि सांगितली की दोन्ही मरतात.

आपल्याकडेही आहेच की.
आई वहिनीला नुसतं म्हणते, "नाचता येईना..."
आणि अंगण आपसूक वाकडं होतं,
घणसोलीत, जिथे आमचं अंगण
आता रस्त्याखाली आहे.

मुका कडू मुळी खातो, ते म्हणाले.
मी वहीत समोर लिहिलं: तोंड दाबून बुक्क्यांचा मार.
त्यांनी अर्थ विचारला, मग बराच वेळ गप्प.
आमच्यात मुका एकटाच असतो, म्हणाले,
तुमच्यात दाबणारा कोण?

गुरुवारी पॅकिंगच्या बायका आणि हिराजी मोकल
मशीनभोवती उभे राहिले.
"विचार गो त्याला, ह्ये चालू झाल्याव आमचं काय?"
शू साहेबांनी मॅनेजरच्या काचेकडे पाहिलं.
"भाचा कंदील धरतो."

पुढचं मला पाठ होतं.
मामावर उजेड पडणं आणि सगळं जुनंच राहणं,
त्यांच्या भाषेत दोन्हींचा उच्चार एक.
म्हणजे काळजी नको, जसं होतं तसंच.
पण मी दमले होते, किंवा कंदील आवडला होता,
तेवढंच सांगितलं:
भाचा कंदील धरतो, उजेड मामावर.

हिराजीने हात पँटला पुसले.
"म्हंजे मामा आपुनच."
बायका हसल्या. मग एकेक करून
हसायच्या थांबल्या.

काय म्हणाले, शू साहेबांनी विचारलं.
समजलं त्यांना, मी म्हटलं.

ते गेले त्याच्या दुसऱ्या सोमवारी
टाइम ऑफिसच्या दारावर कागद लागला.
पंधरा नावं.
मधे पट्टीने मारलेली एक रेघ.