सोळावा धडा

त्र्याऐंशी साल. आठवी ब.
दुसऱ्या तासाला निंबाळकर बाई दारात आल्या,
म्हणाल्या, मुली हॉलमध्ये, मुलगे मैदानावर.
चौगले सरांनी शिट्टी मारली. आम्ही कबड्डी खेळलो.
हॉलच्या खिडक्यांना चादरी लावलेल्या,
बोर्डिंगातल्या, हिरव्या काठांच्या.
कुणी म्हणालं, इंजेक्शन देतात.
कुणी म्हणालं, पिक्चर दाखवतात, उमा टॉकीजला लागत नाही तसला.
दगडू शेळके चिंचेवर चढला,
त्याला फटीतून पंख्याचं एक पातं दिसलं.
तेवढ्यावर त्यानं आम्हाला आठवडाभर गोष्टी सांगितल्या.

मुली परत आल्या.
वैजू, माझी चुलत बहीण, रोज माझ्या सायकलच्या कॅरेजवर बसून
रंकाळ्यापर्यंत बडबडत यायची.
त्या दिवशी ती चालत गेली,
दप्तर पाठीवर नव्हे, पोटाशी धरून.

पुस्तकात सोळावा धडा होता.
बाई पंधराव्यावरून थेट सतराव्यावर गेल्या,
रातराणी एसटी बारक्या गावाला न थांबता जाते तशा.

आमचं शिक्षण तालमीत.
वस्ताद म्हणायचे, लंगोट घट्ट, डोस्कं थंड. झाला अभ्यासक्रम.
लाल माती अंगाला फासून दिवस निघायचा.
पहाटे मात्र कुणी उठायच्या आत
मी एकटाच नळावर चादर धुवायचो
आणि मनात मोजायचो, या रोगानं माणूस किती दिवस जगतो.

पुढं मीच विज्ञानाचा मास्तर झालो.
खोटं कशाला बोलू, पहिली चार वर्षं मीही सतराव्यावर उडी मारली.
मग एड्सची पोस्टरं आली, काळ्या कागदावर कवटी.
तेव्हा पहिल्यांदा पोरं-पोरी एका हॉलमध्ये बसवली,
पण घाबरवायला.
मी छडीनं कवटी दाखवली.
शरीर कुठं दाखवायचं ते त्या पोस्टरवर नव्हतंच.

आता निवृत्तीला दोन वर्षं उरलीत.
भिंतीवर स्क्रीन आहे, बाथरूमबाहेर पॅडचं मशीन आहे,
निम्मा वेळ बंद असतं, पण आहे.
सोळावा धडा आता नववा झालाय.
परवा तो शिकवत होतो, सगळे एकत्र, खिडक्या उघड्या.
मागच्या बाकावरून तौफिक मुल्लाणी उठला.
सर, दुखतं का?
माझी दीदी काल दिवसभर पोटाला उशी धरून पडलेली.

कुणी हसलं नाही. मी वाट बघत होतो हसण्याची,
मला सवय होती.
बीजांड, गर्भाशय, अठ्ठावीस दिवस, सगळं मला पाठ.
याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.
खडू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

तेवढ्यात तनिष्का कांबळे उभी राहिली.
सर, मी सांगतो.

आमच्याकडच्या पोरी अशाच बोलतात,
मी आलो, मी गेलो, मी जेवलो.
पुण्याचे पाहुणे हसतात त्याला.
जिभेनं कधीच आम्हाला वेगळं बसवलं नव्हतं,
चादरी आम्ही लावल्या.

ती सांगत होती. तौफिक वहीत लिहून घेत होता,
गरम पाण्याची पिशवी, असं.

रात्री वैजूला फोन लावला, इचलकरंजीला.
तिच्या घरात सिरियल चाललेली.
म्हटलं, वैजू, त्या दिवशी हॉलमध्ये काय सांगितलं गं तुम्हाला?
कुठल्या दिवशी, असं तिनं विचारलं नाही.
टीव्हीचा आवाज बारीक झाला.

काय न्हाई रे. एक बाई आलती. पाकीट दिलं,
पोरांस्नी सांगू नका म्हणाली.
फुडचं काय कानातच गेलं न्हाई, मी घाबरून बसलो होतो.
चादरीमागनं तुमचा आवाज यायचा, कबड्डी कबड्डी,
तुझा दम लई लांब चालायचा बघ.

मग थोडं थांबून म्हणाली,
कोण जिंकलं रे त्या दिवशी?

मला आठवेना.