अळणी

सिद्रामा, पोटाचा नकाशा वेगळा असतोय,
तो मोबाईलात नसतोय. ऐक. स्टिअरिंग हातात यायच्या आधी पाठ कर.
खंबाटकी चढायच्या आधी जेवू नको, इंजिन तापतं, आपणही तापतो.
साताऱ्याच्या अलीकडं लाल खुर्च्यांचं एक हाय, तिथं फक्त चहा,
तोही उभ्यानं. मालक आधी गाडीकडं बघतोय, मग माणसाकडं.
कराडात पुलाखाली दस्तगीरचा गाडा.
बुर्जी सांग. तो विचारंल, "भरलेली का रिकामी?"
गाडी भरलेली असली की एक पाव जादा देतोय.
का, ते त्यालाच ठावं.
पेठनाक्याला डुलकी. किणीला टोल भर, तोंड धू,
आणि पोट तसंच ठेव.

कोल्हापूर म्हटल्यावर तू तांबड्या रश्श्याचं नाव घेणार.
घे की.
तावडे हॉटेलपाशी उतर, वाटीवर वाटी पी, नाक पूस.
मी तवर शिरोलीला जेवलेला असतो.
दिवस बुडायच्या आत.

त्या साली पंचगंगा हायवेवर आली होती.
पोलीस म्हणाला, "डाव्या बाजूला लाव,"
आणि ती डावी बाजू सहा दिवस संपली नाही.
फुडं पाणी, मागं टँकर, टँकरामागं केरळचा नारळवाला,
त्याच्यामागं नव्या मोटारी भरलेला एक लांबडा,
मोटारींच्या काचा अजून कुणी खाली केल्या नव्हत्या.
पहिल्या दिवशी वडा पन्नासला गेला.
दुसऱ्या दिवशी तेलच संपलं.
तिसऱ्या दिवशी उसाच्या बांधावरनं डोईवर पाटी घेऊन
पद्माक्का चौगुले आली.

ज्वारीची भाकरी, दोडक्याची आमटी.
कांदा नाही, लसूण नाही. ह्या कोल्हापुरात!
"मीठबी संपलंय," म्हणाली,
"चातुर्मास हाय. व्रत समजा."
चाळीस ड्रायव्हर खाली मान घालून जेवले.
सगळ्यात खाली मान माझी.

माझ्या गाडीत खाराघोड्याचं मीठ होतं.
सोळा टन.

मालाला हात लावायचा नाही, उस्तादानं शिकवलेलं.
रात्री ताडपत्रीवर पडलो.
पाठीखाली सोळा टन, जिभेवर काही नाही.

चौथ्या दिवशी तिचा नातू, सुपार्श्व, भाकरी ढकलून म्हणाला,
"चव न्हाई."
एवढंच.
मी दोरी सोडली. पोतं डोक्यावर, पाणी मांडीला.
पाय घसरला असता तर मीठ मालकाचंही राहिलं नसतं, माझंही नाही.

तिनं विचारलं, "कुणाचं?"
माझंच, म्हणणार होतो.
"मालकाचं," तोंडातनं गेलं.
ती पोत्याकडं बघत उभी राहिली. आमटी उतू गेली चुलीवर.
मग एक वाटी मोजून काढली,
पोत्याचं तोंड परत बांधलं,
आणि चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं एक रेघ ओढली.
पाणी उतरंपर्यंत नऊ रेघा झाल्या.

बेंगळुरात काटा झाला. पोतं कमी.
पगारातनं कापलं. मी काय बोललो नाही.
म्हणतात, खाल्ल्या मिठाला जागावं.
कुणी? कुणाच्या?
तूच सांग, तू बारावीपर्यंत शिकलायस.

आता दर खेपेला ती वाढती
आणि पदरानं एक रेघ पुसती.
"एवढं फिटलं," म्हणती.
माझ्या तीसेक खेपा झाल्या असतील.
परवा मोजल्या, भिंतीवर चार रेघा अजून हायत.
मी तर कोळशाला हात लावलेला नाही.
तिची बोटं मी बघत नाही.

बरं, तू जा रश्श्याला.
येताना डिझेलचं बिल आण, कागलच्या आधी हवा बघायची हाय.
आणि माझ्यासाठी काही बांधून आणू नको.