दश्या

सिव्हिलच्या तळमजल्यावर, इन्क्युबेटरपाशी:
बाहेर त्रेचाळीस, आत सदतीस.
सोलापूरपेक्षा माणूसच थंड वाटत असेल जंतूंना.

नमुना एकशे बारा.
मल्लेशम कोडम, अठ्ठावन्न, विडी घरकुल,
डाव्या पोटरीला धोट्याचा मार, नऊ दिवस.
प्लेटवर सोनेरी ठिपके उगवले,
औषधाच्या सहा चकत्यांतल्या चारींभोवती
मोकळं कडं नाही.

स्लाइड रंगवली.
जांभळ्या मण्यांचे घोस,
आणि मधे फाटलेल्या पांढऱ्या पेशी.
‘स्मिअर खराब’ लिहिणारच होते,
हब्बू मॅडम म्हणाल्या, थांब, बघ नीट.
हल्ली हल्ली कळायला लागलंय हे:
मरता मरता पेशी आपलं केंद्रक उसवते,
आत गुंडाळलेलं सूत बाहेर फेकते
आणि जंतू अडकतात त्यात.
सूत फार झालं
तर आपल्याच शिरा गुंततात, तेही.

संध्याकाळी तो आला, लंगडत,
कानात अजून कारखान्यातले कापसाचे बोळे.
"अक्का, पू म्हणजे घाणच की?"
मी मोठ्यांदा म्हटलं,
नाही मामा, दश्या आहेत त्या.
आत कुणीतरी रात्रपाळी केलीय तुमच्यासाठी.

तो हसला नाही.
बोळा काढून हातात धरला.
"सूत कुठलं घेतलं त्यानं?"
स्वतःचंच.
"मंग मजुरी कोण देतंय त्याला?"

रिपोर्टवर, अजून चालणाऱ्या दोन औषधांखाली
मी रेघ ओढली.
जरा जास्तच दाबून.